मुखपट्टी कोणाच्या तोंडावर?

(व्याख्यानाचा मजकूर)



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. ह्या म्हणण्यात कौतुक थोडे आहे आणि भय अधिक आहे. त्या भयाच्या घटकेला समाज आणि शासन त्या बाईपाशी कसे वागतात, ह्यावरून त्या समाजाची आणि त्या शासनाची पारख करता येते. आजचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. साथीच्या काळात रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या तोंडावर मुखपट्टीची सक्ती असावी की नसावी, एवढाच हा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील मुखपट्टीची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, उठली. मग उठलेल्या सक्तीची चर्चा आज कशासाठी, असे कोणीही विचारील.

त्याचे उत्तर असे की, सक्ती उठली असली तरी जिच्या आधारे ती लादता आली ती सत्ता तशीच उभी आहे. १८९७ चा साथरोग कायदा आजही अमलात आहे. हा कायदा आजच्या काळास अपुरा असून त्यात दुरुस्ती करावी किंवा नवा सर्वंकष कायदा आणावा, असे विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या २८६ व्या अहवालात सांगितले आहे. म्हणजे पुढच्या साथीचे नियम लिहिले जाण्याचा काळ फार दूर नाही. ते लिहिले जाण्यापूर्वी मागच्या साथीचा हिशेब मांडला गेला पाहिजे, आणि तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावापासून सुरू झाला पाहिजे.

हे दुबळे माणूस कोण, हे मराठवाड्याला सांगावयास नको. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किनवट-माहूरच्या डोंगरातून स्त्रिया येतात. किनवटहून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडते. देगलूर-बिलोलीच्या सीमेवरून येतात, हिंगोली-परभणीहून येतात, शेजारच्या तेलंगणातूनही येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत निलंगा, उदगीर, जळकोट, अहमदपूर येथील बाया येतात, धाराशिवच्या येतात. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्या खाजगी प्रसूतिगृहात जातात. शासकीय रुग्णालयात येते ती शेतमजुराची, ऊसतोड्याची, लहान कोरडवाहू शेतकऱ्याची लेक-सून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. ही संख्या अभिमानाची आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, आशा कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन बायांना घराबाहेर काढले. पण ह्याच संख्येचा दुसरा अर्थ असा की, आता प्रसूतीची जागा जवळजवळ सर्वस्वी संस्थेच्या ताब्यात गेली आहे. घरी सुईणीच्या हाताखाली बाळंत होणाऱ्या बाईपाशी चुलीचा धूर होता, अज्ञान होते, मृत्यूही होता. पण तेथे तिच्यावर कोणाचा हुकूम चालत नव्हता. संस्थेने तिला सुरक्षितता देऊ केली, आणि सुरक्षिततेबरोबर शिस्तही आणली. म्हणून संस्थेच्या शिस्तीची तपासणी करणे हे लोकशाहीचे काम ठरते.

आता नियम कसा आला ते पाहू. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग कायदा लागू केला. १५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने राष्ट्रीय निर्देश काढले. त्यांनुसार सर्व सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी तोंड झाकणे सक्तीचे झाले. ह्या निर्देशांत बाजारपेठ होती, कचेरी होती, लग्नसमारंभ होता, अंत्यविधी होता. प्रसववेदनांनी तळमळणारी स्त्री मात्र त्यांत कोठेही नव्हती. ती नियमातून वगळलेली नव्हती आणि तिचा स्वतंत्र विचारही झालेला नव्हता. तेव्हा नियमाचा अर्थ लावण्याचे काम प्रसूतिकक्षाच्या दारात उभ्या असलेल्या परिचारिकेवर येऊन पडले. जो प्रश्न मंत्रालयाने सोडवावयाचा, तो रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेने सोडवावा, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी रीत आहे.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, भय खोटे होते. मुखपट्टीची टर उडविणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याचे काहीच कारण नाही. राज्यातील १९ वैद्यकीय महाविद्यालयांतून गर्भवती व बाळंत स्त्रियांची माहिती गोळा करणारी ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने चालविली. तिच्या आधारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२१ साली जे आकडे दिले ते विदारक आहेत. पहिल्या लाटेत बाधित झालेल्या १,१४३ स्त्रियांपैकी १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणे होती. दुसऱ्या लाटेतील ३८७ स्त्रियांत हे प्रमाण २८.७ टक्के झाले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेले. गर्भवतींना लस घेण्याची मुभा मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. साथ खरी होती, आणि ती बाळंतिणीला इतरांहून अधिक छळणारी होती.

तितकेच खरे भय परिचारिकेचे, निवासी डॉक्टरचे आणि सफाई कामगाराचे होते. प्रसूतिकक्षात माणूस सहा फुटांवर उभे राहून काम करू शकत नाही. बाळ हातांत घ्यावे लागते, रक्त पुसावे लागते, किंचाळणाऱ्या बाईच्या तोंडापाशी वाकून तिला धीर द्यावा लागतो. ही माणसेही कष्टकरी आहेत. त्यांतली पुष्कळशी कंत्राटी आहेत. राज्यातील आशा कार्यकर्त्यांना मानधनवाढीसाठी भर साथीत, १५ जून २०२१ पासून, संप करावा लागला होता, हे विसरता येणार नाही. तेव्हा बाळंतीण विरुद्ध परिचारिका असा हा झगडा मांडणे म्हणजे दोन पीडितांना एकमेकींसमोर उभे करून तिसऱ्याला मोकळे सोडणे होय. खरा प्रश्न वेगळा आहे. दोघींचेही रक्षण करण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि त्या रक्षणाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडला?

येथे शरीरशास्त्राचा थोडा आधार घेतला पाहिजे. गरोदरपणाच्या अखेरीस स्त्री दर मिनिटाला जेवढी हवा आत घेते ती नेहमीपेक्षा सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी अधिक असते. कळा सुरू झाल्या की ही गरज आणखी वाढते. बाळ खाली सरकून जोर करण्याची वेळ आली की सर्वांत अधिक होते. प्रसूती हे अंगमेहनतीचे काम आहे, आणि फार मोठ्या मेहनतीचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या जूनमध्येच सांगितले होते की, जोराचा व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, कारण श्वास अडतो आणि घामाने पट्टी भिजते. मैदानावर धावणाऱ्या तरुणाला जी सवलत मिळते, ती बारा-बारा तास कळा देणाऱ्या बाईला का मिळू नये, ह्याला तर्कशुद्ध उत्तर नाही. त्यात नांदेडचा एप्रिल-मे आठवावा. पारा ४२-४३ अंशांवर, भरलेला कक्ष, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि घामाने व थुंकीने चिंब झालेली पट्टी.

आणि ही पट्टी तरी काम किती करणार? साधी पट्टी चेहऱ्याला घट्ट बसत नाही. शांतपणे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडचे तुषार ती बऱ्याच अंशी अडविते. परंतु कळ देताना स्त्री दीर्घ श्वास घेते, तो रोखते आणि जोराने सोडते. ओरडते, कधी ओकते. तेव्हा हवा पट्टीच्या कडांतून बाहेर पडते. भिजलेली पट्टी तत्काळ बदलावी असे शास्त्र सांगते. कळांच्या मध्ये ती कोण बदलणार? म्हणजे जेव्हा रक्षणाची सर्वांत अधिक गरज, नेमके तेव्हाच हे साधन सर्वांत दुबळे ठरते. ब्रिटनमधील राजमान्य प्रसूतिशास्त्र महाविद्यालयाने व सुइणींच्या संघटनेने ह्याच कारणास्तव भेद केला होता. रुग्णालयात वावरताना स्त्रीने मुखपट्टी लावावी, पण प्रसववेदना व प्रसूती चालू असताना तिला कोणत्याही प्रकारे तोंड झाकण्यास सांगू नये, त्यापासून अपाय संभवतो, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्समध्येही २०२० साली स्त्रियांच्या संघटनांनी प्रसूतीच्या वेळच्या सक्तीविरुद्ध आवाज उठविला. हे देश साथीला कमी भ्याले होते असे नाही. त्यांनी नियमाला अपवाद जोडला, कारण तेथे त्या बाईला बोलता आले, आणि बोलणाऱ्याचे ऐकले जाते.

मुखपट्टीचा इतिहासही ह्या संदर्भात उद्बोधक आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात १८४६ साली डॉक्टरांच्या कक्षात ११.४ टक्के स्त्रिया मरत होत्या, आणि सुइणींच्या कक्षात २.८ टक्के. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टरने शोधून काढले की, शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टरांचे हातच हा ज्वर आणतात. १८४७ साली त्याने हात क्लोरीनच्या पाण्याने धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ मध्ये डॉक्टरांच्या कक्षातील प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. पुढे १८९७ साली ब्रेस्लाऊ येथे कार्ल फ्ल्यूगे ह्या शास्त्रज्ञाने बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे दाखविले, आणि तेथीलच मिकुलिझ ह्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीच्या कापडाची पट्टी बांधली. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये असे आढळले की, बाळंतज्वराचे जंतू पुष्कळदा प्रसूती करणाऱ्यांच्याच घशातून येतात. म्हणून प्रसूतिकक्षातील कर्मचाऱ्यांनी तोंड झाकण्याचा आग्रह वाढला. सारांश, हात धुणे काय किंवा तोंड झाकणे काय, प्रसूतिगृहातील ही शिस्त मुळात बलवानाने दुर्बलासाठी पाळावयाची शिस्त होती. संस्थेपासून स्त्रीचे रक्षण व्हावे ह्यासाठी ती जन्मली. २०२० मध्ये तिची दिशा उलटली, आणि तिचा भार पलंगावर पडलेल्या स्त्रीवर आला.

ही दिशा का उलटली, ह्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. ते अर्थशास्त्रात सापडते. प्रसूतिकक्षातील कर्मचाऱ्याचे संसर्गापासून रक्षण करण्याचे चार मार्ग आहेत. कर्मचाऱ्याला चेहऱ्याला घट्ट बसणारी, गाळणी असलेली एन-९५ पट्टी पुरेशा संख्येने द्यावी. कक्षात हवा खेळती ठेवावी. साध्या कक्षासाठीसुद्धा दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मान आहे. कक्षातील गर्दी कमी करावी, म्हणजेच खाटा आणि माणसे वाढवावीत. आणि स्त्रीची तपासणी तत्परतेने करावी. ह्या चारही मार्गांना पैसा लागतो, आणि तो शासनाने खर्चावयाचा असतो. पाचवा मार्ग स्वस्त आहे. बाईला सांगावे, तोंड झाक.

केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये तीन पदरी पट्टीची कमाल किंमत १० रुपये ठरविली होती. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये एन-९५ पट्टीची किंमत १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधली. किमती बांधल्या हे योग्यच झाले. पण त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे ४९ रुपयांची एक पट्टी हा दिवसाच्या मजुरीचा पाचवा हिस्सा झाला. टाळेबंदीत ज्या घरची मजुरीच बुडाली होती, त्या घराने हा खर्च करावयाचा, नाही तर पदर किंवा ओढणी तोंडाला गुंडाळावयाची. अर्थशास्त्रात ह्याला खर्चाचे स्थलांतर म्हणतात. संस्थेचा खर्च ताळेबंदातून नाहीसा होतो, पण जगातून नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतो. येथे तो अक्षरशः अंगावर पडला. श्वासाच्या रूपाने पडला, म्हणून तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसला नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील शासकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले होते. साथ दाराशी आली त्या २०१९-२० साली, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, हा खर्च १.३५ टक्के होता. वचन आणि व्यवहार ह्यांतील हे अंतर कोणी तरी सोसावेच लागते. खाटेवरील स्त्रीने ते श्वास कोंडून सोसले, आणि परिचारिकेने दुप्पट पाळी करून सोसले.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट हिरावली गेली, ती म्हणजे सोबत. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबतीण जवळ असावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मान्य केले होते. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा पुरस्कार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तशी शिफारस केली आणि साथीतही ती मागे घेतली नाही. पण साथीच्या काळात गर्दी टाळण्याच्या नावाखाली पहिली गदा आली ती सोबतिणीवर. आई-सासू दाराबाहेर, आणि आत सगळेच चेहरे झाकलेले. किनवटची गोंड किंवा कोलाम बाई, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी बाई, देगलूरकडची तेलुगू बोलणारी, निलंग्याकडची कानडी बोलणारी, नांदेड शहरातील दखनी बोलणारी, ह्यांना रुग्णालयाची मराठी आधीच परकी. अशा वेळी माणूस ओठांची हालचाल आणि चेहरा पाहून अर्थ लावते. कर्मचाऱ्याचा चेहरा झाकणे अपरिहार्य होते. बाईचाही चेहरा झाकला की ती घाबरली आहे, तिला घेरी येत आहे, तिचे ओठ पांढरे वा निळे पडत आहेत, हे परिचारिकेलाही दिसेनासे होते. महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या असताना ओठांचा रंग झाकणे ही लहानसहान बाब नव्हे.

आता कायद्याकडे वळू. १८९७ चे वर्ष ह्या विषयात दोनदा येते. ज्या वर्षी मुखपट्टी जन्मली, त्याच वर्षी हिंदुस्थानात साथरोग कायदा जन्मला. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी तो घाईघाईने केला गेला. पुण्यात त्याच्या आधाराने सोल्जर घराघरांत शिरले, बायाबापड्यांची तपासणी झाली, आणि त्यातून उसळलेल्या संतापाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, रोग्याकडे पाहण्याच्या ह्या दोन तऱ्हा होत्या. एक संशयाची आणि दुसरी सेवेची. ह्याच सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी प्रसूतिगृह काढले होते. समाजाला तोंड दाखविण्याची सोय न उरलेल्या स्त्रीने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, असा त्यामागचा हेतू होता. महाराष्ट्रातील सार्वजनिक प्रसूतिसेवेची परंपरा अशी स्त्रीच्या प्रतिष्ठेपासून सुरू झालेली आहे. तिचे वारसदार म्हणविणाऱ्या राज्याने प्रतिष्ठा ही चैनीची वस्तू मानू नये.

साथरोग कायदा मात्र दुसऱ्या परंपरेतला आहे. त्याचे दुसरे कलम शासनाला नियम करण्याचा अधिकार देते, तिसरे मोडणाऱ्याला शिक्षा सांगते, आणि चौथे सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देते. एप्रिल २०२० च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आल्या. त्या आवश्यक होत्या. पण ह्या कायद्यात शासन आहे, अधिकारी आहे, कर्मचारी आहे. रुग्णाच्या हक्काचे एकही कलम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात लसीकरणाच्या संदर्भात सांगितले की, शरीराची अभंगता ही घटनेच्या २१ व्या कलमाने संरक्षित आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी तिच्यावर निर्बंध घालता येतील; पण त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि निर्बंध हेतूच्या प्रमाणात हवा. ह्या तीन कसोट्या प्रसूतिकक्षातील मुखपट्टीला लावून पाहाव्यात. कायद्याचा आधार होता, हेतूही रास्त होता. तिसऱ्या कसोटीवर मात्र ती उतरत नाही. ज्या निर्बंधाने लाभ थोडा, अपाय संभवनीय, आणि ज्याला अधिक परिणामकारक पर्याय उपलब्ध, तो निर्बंध प्रमाणबद्ध म्हणता येत नाही.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नियम सर्वांना सारखा हवा. एकाला सूट दिली की सगळेच मागतील. हा आक्षेप समतेच्या नावाने येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. विषम स्थितीतील माणसांवर सारखा नियम लादणे ही समता नव्हे. पाच वर्षांखालील मुलांना मुखपट्टीची आवश्यकता नाही, असे केंद्रीय आरोग्य खात्यानेच जून २०२१ मध्ये स्पष्ट केले होते. त्यामुळे मोठ्या माणसांनी पट्ट्या टाकून दिल्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की, बाधित स्त्रीचे काय? तेथे भेद करणे शक्य आहे. जी बाधित आहे तिला स्वतंत्र खोली, कर्मचाऱ्यांना संपूर्ण संरक्षण, आणि प्रसूतीनंतर बाळाला पाजताना आईने मुखपट्टी लावावी. बाळाला मात्र तिच्यापासून तोडू नये, हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. स्वस्थ बसून बाळाला जवळ घेणारी आई आणि कळा देणारी स्त्री ह्यांच्या श्वासात फरक आहे, एवढे ओळखणारा नियम करणे कोणत्याही शासनाच्या आवाक्यातले आहे.

ह्या साऱ्याचा नांदेडशी असलेला संबंध साथ संपल्यावर अधिक उघड झाला. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ ह्या दोन तारखांच्या दरम्यान विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसाची भर पडून हा आकडा ४८ तासांत ३१ वर गेला. औषधांच्या टंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला. रुग्ण उशिरा आणि अत्यवस्थ स्थितीत दूरदूरच्या गावांहून पाठविले गेले, असे सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मंजूर खाटांहून कितीतरी अधिक रुग्ण तेथे होते, ह्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. ह्या वेळी कोणाच्या तोंडावर मुखपट्टी नव्हती, कोणती साथ नव्हती. साथीने जी दैना झाकली होती ती आता उघडी पडली, एवढेच. आणि तेव्हा राज्यकर्त्या बाजूने काय केले? एका खासदाराने अधिष्ठात्यांना रुग्णालयातील शौचालय साफ करावयास लावले. मृत्यू व्यवस्थेच्या तुटीचे, शिक्षा मात्र हाताशी सापडलेल्या माणसाला. साथीत हाताशी सापडली ती कळा देणारी बाई, आणि २०२३ मध्ये सापडला एक डॉक्टर. दोन्हीकडे रीत एकच होती. तूट भरून काढावयाची नाही, तुटीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला वाकवावयाचे.

म्हणून मागणी केवळ मुखपट्टी काढण्याची करून भागणार नाही. नवा साथरोग कायदा होईल तेव्हा त्यात रुग्णाच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण असले पाहिजे. प्रसववेदनांपासून प्रसूती पूर्ण होईपर्यंत स्त्रीवर तोंड झाकण्याची सक्ती नसावी. तिला स्वतःला हवी असेल तर पट्टी रुग्णालयाने फुकट पुरवावी. प्रसूतिकक्षातील प्रत्येक कर्मचाऱ्याला, तो कायम असो की कंत्राटी, डॉक्टर असो की सफाई कामगार, सारख्याच दर्जाचे संरक्षण मिळावे, कारण ह्या सवलतीची किंमत त्यांच्या जिवाने चुकविली जाता कामा नये. एका तपासलेल्या सोबतिणीला प्रवेश हा साथीतही हक्क मानला जावा. चाचणीच्या अहवालावाचून प्रसूती अडवू नये, असे वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२० मध्ये सांगितले होते. त्या सूचनेला आता कायद्याचे बळ मिळावे. आणि किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा येथील उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ह्यांच्या जागा भरल्या जाव्यात, म्हणजे प्रत्येक अवघड बाळंतपण विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या दारात येऊन गर्दी करणार नाही. ह्यांतील शेवटची मागणी सर्वांत खर्चाची आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी विसरली जाईल. ती विसरू न देणे हे चळवळीचे काम आहे.

ही मागणी कोण करणार? बाळंतीण संघटित नसते. तिचे दुःख काही तासांचे असते. बाळ हाती आले की ती सारे विसरते, निदान विसरल्यासारखे दाखविते. शिवाय ती घरी परतते ती कामावर. तिची मिरवणूक निघत नाही, तिचा संप होत नाही, तिची मतपेढीही नाही. परिचारिकांची संघटना आहे, आशा कार्यकर्त्यांची आहे, शेतमजुरांची आहे. ह्या संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत बाळंतिणीचा हक्क लिहिला, तर कर्मचारी आणि रुग्ण ह्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव तेथेच फसेल. पुरेशा परिचारिका असलेल्या कक्षात बाईचाही श्वास मोकळा राहतो आणि परिचारिकेचाही. दोघींचे हित एकच आहे.

साथ पुन्हा येईल. ती कोणत्या रोगाची असेल हे सांगता येत नाही, पण तिच्या पहिल्या आठवड्यात नियम निघतील हे निश्चित, आणि त्या आठवड्यातही किनवटच्या एखाद्या पाड्यावरून कळा सुरू झालेली बाई गाडीत बसून नांदेडकडे निघालेली असेल. तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती असावी, ह्याची तजवीज आजच करून ठेवली पाहिजे.